बारदान्यापलीकडची जागा

एका मुलीला वाचता येत होतं, आणि मी सगळ्यांदेखत सांगितलं की तिचं डोकं कमी आहे. मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढे जे लिहितो आहे ते, ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं आणि त्याचं काय झालं, याबद्दल. सतरा-अठरा वर्षं हे मी कुणाला बोललो नाही. गेल्या दिवाळीनंतर बायकोला सांगितलं. ती गहू निवडत होती, तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "तेव्हाच मी म्हटलं होतं तुम्हाला." ते कशाबद्दल, हे पुढे येईल.

आमचं घराणं दप्तरातलं. आजोबा तहसिलीत कारकून, वडील यवतमाळला एका सरकारी कचेरीत स्टोअरकीपर. मी सहावीत असताना वडिलांच्या स्टोअरमधून कागदाला भोकं पाडायचं एक पंचिंग मशीन हरवलं आणि त्यांना मेमो मिळाला. तळहाताएवढी वस्तू. पण तीन महिने आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही. पुढे ते मशीन साहेबांच्याच ड्रॉवरमध्ये सापडलं, मेमो मागे घेतला गेला. वडील मात्र पहिल्यासारखे झाले नाहीत. मला शिक्षकाची नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी एकच उपदेश केला, "सरकारी वस्तू म्हणजे दुसऱ्याचं लेकरू. सांभाळायचं, खेळवायचं नाही."

माझी नेमणूक झाली बाभुळगावच्या पलीकडे एका तांड्यावर. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, आठवड्यातले तीन दिवस तालुक्याला मीटिंगमध्ये. मी यवतमाळहून मोटारसायकलनं जाऊन-येऊन करायचो.

कापसाचे ते वाईट दिवस होते. तांड्यातल्या बहुतेक घरांत एकच मोठी खोली, आणि दिवाळीनंतर ती भावाची वाट पाहणाऱ्या कापसानं आढ्यापर्यंत भरलेली. माणसं ओसरीत निजायची. पोरं अंग खाजवत शाळेत येत. कापसातल्या किड्यांनी त्यांच्या मानेवर, पोटावर पुरळ उठलेलं असे. वेचणीला बाहेरची माणसं लावणं कुणाला परवडत नव्हतं, म्हणून घरचेच हात, आणि त्यात आठ-नऊ वर्षांचे हातही आले. वेचणी सुरू झाली की माझ्या वर्गातली निम्मी जागा रिकामी व्हायची. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पेपरवाले फार यायचे. शाळेत मात्र कोणी डोकावलं नाही.

मी काही उत्साही शिक्षक नव्हतो. पण एका वर्षी जिल्ह्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, आणि तिथं शिकवायला आलेल्या बाईंनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात राहिली. त्या म्हणाल्या, पाच-सहा मुलांचा गट करा, एक गोष्टीचं पुस्तक घ्या, थोडं वाचू द्या आणि मग त्यांना बोलू द्या. ज्याचं उत्तर पुस्तकातच लिहिलेलं आहे असा प्रश्न विचारू नका. आणि कुणी काही बोललं तर त्याला 'चूक' म्हणू नका. त्यासाठी शाळांना पुस्तकंही मिळाली. पाच गोष्टी, प्रत्येकीच्या सहा प्रती. प्रत्येक मुलाच्या हातात एक, असा हिशेब.

मी तीस पुस्तकं मोजून घेतली, साठा नोंदवहीत चढवली, प्रत्येक गोष्टीची एक प्रत बाहेर काढली. उरलेल्या पाच-पाचांचे गठ्ठे सुतळीनं बांधून लोखंडी कपाटात ठेवले. कुलूप लावलं, किल्ली जानव्याला अडकवावी तशी कमरेला. त्यात काही गैर आहे असं वाटलंही नाही. पोरांचे हात तेलकट, कुणी पान फाडलं, कुणी घरी नेलं तर कोण जबाबदार? एका प्रतीत भागत होतं की.

भागायचं ते असं. शनिवारी शाळा सकाळची. खिचडी झाली की मी वर्गात एक बारदाना अंथरायचो. त्याच्या मध्ये पुस्तक, भोवती सहा जण. कामं वाटलेली: एकानं वाचायचं, एकीनं शंका काढायची, एकानं फक्त 'मले पटलं नाही' म्हणायचं आणि का ते सांगायचं. हे शेवटचं काम मिळावं म्हणून मारामारी होई. जागा मात्र ठरलेल्या. जागा बदलू दिल्या की गोंधळ होतो, असं माझं मत.

ती मुलगी तिसरीच्या मध्यावर आली. आईबाप त्याआधी ऊसतोडीला जायचे, तीही त्यांच्यासोबत हिंडलेली, त्यामुळे पहिली-दुसरी नावापुरतीच झालेली. उशिरा दाखला झाल्यामुळे पाठ्यपुस्तकांचा संचही तिला मिळाला नाही. गटात सहावी जागा रिकामी होती, ती वाचणाऱ्याच्या बरोबर समोरची. ती तिथं बसली आणि पुढचं जवळजवळ वर्षभर तिथंच बसली.

पहिले चार महिने ती बोललीच नाही. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, पुस्तकात तिसरंच काही. मी तिला बोलायला लावलं नाही. एवढी एक गोष्ट मी नीट केली असेन.

मग म्हशीची गोष्ट आली. एक म्हातारी म्हैस दुसऱ्या गावी विकतात आणि संध्याकाळी ती चालत चालत जुन्या दारी येऊन उभी राहते, एवढीच गोष्ट. ती परत का आली, ते पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी विचारलं.

"तिले रस्ता माईत होता म्हणून."

"नव्या घरी ढेप नसंल भेटत खायले."

"मले पटलं नाही," ज्याची पाळी होती तो लगेच ओरडला. "इथं कुठं भेटे तिले ढेप? चित्रात पाहा ना, हाडं दिसून राह्यले!"

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर समोरून ती म्हणाली, "तिले कोणी सांगतलंच नसंल."

"काय सांगितलं नसेल?"

"का तुले इकलं म्हणून. तिले वाटलं चरायले नेलं. मंग दिवस बुडाला त आली घरी."

कुणी 'मले पटलं नाही' म्हटलं नाही. जो म्हणायचा तोही बारदान्याची सुतळी उकलत बसला. मला त्या दिवशी मोटारसायकलवर परतताना राहून राहून ते आठवत होतं. मी स्वतः ती गोष्ट पाच-सहा वेळा वाचली होती.

त्यानंतर ती बोलायला लागली. फार नाही, पण शनिवारी खिचडीची ताटली धुऊन सगळ्यांत आधी बारदाना काढायला तीच धावायची. आणि एक दिवस लक्षात आलं की तिला वाचताही येतंय. वाचणारा मुलगा 'गव्हाणीत' या शब्दावर अडला. 'ग... गव...' करत होता. समोरून हळूच आवाज आला, "गव्हाणीत."

"तू कुठून वाचलंस?" मी विचारलं.

"इथून."

मी पुस्तक तिच्याकडे सरळ करून दिलं. तिनं ते परत फिरवलं. "असं नाही दिसत, सर."

तिची अक्षरओळख त्याच जागेवर झाली होती. समोर बसून, उलट्या अक्षरांतून. फळ्यावरचं वाचताना ती मान पार खांद्यावर टाकायची, आणि मी दहा वेळा तिच्यावर खेकसलो होतो, 'मान सरळ ठेव' म्हणून. आता कारण कळलं, आणि मला हसू आलं. मी तिच्याकडून दोन पानं उलटी वाचून घेतली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन बायकोला गंमत म्हणून सांगितलं, "आमच्याकडे एक पोरगी उलटं पुस्तक वाचते."

बायको म्हणाली, "मग तिला एक सरळ द्या ना."

मी जेवत होतो. म्हटलं, "वरण वाढ."

चौथीच्या वर्षी दसऱ्यानंतर निरोप आला, आमची गटचर्चा पाहायला साहेब येणार आहेत. कुणीतरी तालुक्याला कौतुक केलं होतं. मी आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर कपाट उघडलं, म्हशीच्या गोष्टीच्या गठ्ठ्याची सुतळी कापली. पानं एकमेकांना चिकटलेली, शाईचा वास अजून तसाच. साठा नोंदवहीत सहा प्रती असताना एकाच पुस्तकावर सहा मुलं बसलेली साहेबांना कशी दाखवायची?

सकाळी प्रत्येकाच्या हातात एक-एक प्रत दिली. पोरं चकित झाली.

"सर, हे कवा आले?"

"कालच आले," मी म्हणालो.

तिनं आपलं पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतं. उघडलं नव्हतं. नुसतं धरलं होतं.

साहेब आले, सोबत आणखी दोघं. साठा नोंदवही टेबलावर उघडी होती, साहेबांनी उभ्या उभ्या चाळली. मग बारदान्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले. चर्चा छान चालली. 'मले पटलं नाही' ऐकून ते खळखळून हसले. मग त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. "तू वाच बाळ, पुढचं."

तिनं पुस्तक उघडलं, फिरवून उलटं केलं, आणि बोट ठेवलं.

सोबतच्यांतला एक जण फिसकन हसला. साहेब भले होते. ते वाकले, तिच्या हातातलं पुस्तक त्यांनी सरळ केलं. "अशी धर. हां, आता वाच."

ती पाहत राहिली. मान हळूहळू खांद्याकडे झुकली. माझ्याकडे एकदा पाहिलं तिनं. तिला वाटलं असणार, सर सांगतील.

साहेबांनी विचारलं, "गुरुजी, चौथीत ना ही?"

सांगायला किती वेळ लागला असता? साहेब, तिला वाचता येतं, ती समोर बसून शिकली, पुस्तक उलटं असू द्या आणि ऐका. पण मग ते विचारणार, समोर का बसली? सहा प्रती दीड वर्षापूर्वी आल्याची नोंद आत्ताच पाहिली मी, त्या कुठे होत्या? मला टेबलावरची नोंदवही दिसत होती. वडिलांचा त्या तीन महिन्यांतला चेहरा दिसत होता.

मी म्हणालो, "साहेब, ती जरा डोक्यानं कमी आहे. बसवतो आपली."

तिच्या शेजारची मुलगी उसळून म्हणाली, "नाही सर, तिले उलटं..."

"गप बस."

त्या बारदान्यावर कुणाला 'गप बस' म्हणायची माझी ही पहिलीच वेळ.

साहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे, असू दे. सांभाळून घेता, चांगलं आहे." शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'उपक्रम स्तुत्य.' त्या शेऱ्याची झेरॉक्स मी कित्येक वर्षं फाइलमध्ये जपून ठेवली होती. हेही सांगूनच टाकतो.

पोरांनी विचारलं, "सर, हे पुस्तकं आता आमचे ना?" मी म्हणालो, बघू. सगळी गोळा केली, फडक्यानं पुसली, पाच बांधून आत ठेवली.

पुढच्या शनिवारी ती दाराच्या चौकटीला टेकून बसली. मी बोलावलं. ती म्हणाली, "मले नाही येत, सर." आवाजात राग नव्हता. मी सांगितलेलं तिनं मान्य केलं होतं. तिची जागा तशीच रिकामी ठेवून आम्ही वाचलं.

मग वेचणी आली आणि ती यायची थांबली. आठ दिवस वाट पाहून मी शेतावर गेलो. आई ओळीतून वेचत होती, मागच्या ओळीत ती, कमरेला मोठ्या माणसाची ओटी बांधलेली, कापसानं फुगून गुडघ्यापर्यंत लोंबणारी. मला पाहून ती खाली वाकली आणि झाडाआड झाली.

"या मास्तर," आई शेजारच्या ओळींकडे हात करत म्हणाली. "दोन तास धरता का? एक मजूर कमीच हाय आमाले."

"पोरीला शाळेत पाठवा ना. वर्ष वाया जाईल."

"काहून? तुमीच सांगतलं ना सायबाले, डोकं कमी हाय म्हणून." खिचडी शिजवणारी बाई तांड्यातलीच. तिनं दारातून ऐकलं होतं. "म्या म्हटलं, बरं झालं, मास्तरनं सांगतलं. आमाले काय समजते? डोकंच नसंल त हात तरी कामाले येईन."

आई हे टोमण्यानं बोलली नव्हती. माझ्यावर तिचा विश्वास होता.

तिथं साहेब नव्हते, नोंदवही नव्हती. तिथं मला खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "निदान परीक्षेला तरी पाठवा." आणि निघालो. बांधावर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

हजेरीत मात्र ती वर्षभर येत होती. पट कमी दिसू नये म्हणून मी रोज तिच्या नावापुढे हजर लिहायचो. तिचे पेपर मीच लिहिले, डाव्या हातानं, अक्षर वेगळं दिसावं म्हणून. ती चौथी पास झाली. त्या गठ्ठ्यातलं पुस्तक तिला कधी वाचायला मिळालं नाही, पण मराठीत तिला चांगले गुण आहेत.

दोन वर्षांनी माझी वणीकडे बदली झाली. गटचर्चा मी पुन्हा कुठंच घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, पोर्शन संपत नाही.

गेल्या वर्षी, आता मी केंद्रप्रमुख म्हणून परत बाभुळगावकडे आहे, जुन्या सामानाच्या निर्लेखनासाठी, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करायला, त्या शाळेत जावं लागलं. पटसंख्या घटून शाळा एका शिक्षकावर आलेली. ते लोखंडी कपाट तसंच होतं. किल्ली कुणाकडे नव्हती, कुलूप फोडलं. खालच्या कप्प्यात पत्र्याला गंजून भोक पडलं होतं आणि तिथून वाळवी आत गेली होती. गठ्ठे उचलले तर मातीसारखे सुटले. म्हशीच्या गोष्टीच्या गठ्ठ्यात चार प्रतींचा भुगा झाला होता. सुतळी शाबूत होती. अगदी वरची एक प्रत तेवढी वाचलेली, एका कोपऱ्याला खाल्लेली. सोबतचा तरुण शिक्षक म्हणाला, "लिहून टाकू सर, नष्ट." मी म्हणालो, लिहा. आणि ती प्रत पिशवीत टाकली. सरकारी वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा नोंद न करता घरी नेली.

तांड्यात चौकशी केली. तिचं लग्न पांढरकवड्याकडच्या एका तांड्यात झालं होतं. "दिवाळीले येते माहेरी," आई म्हणाली. म्हातारी झाली होती, मला तिनं ओळखलं नाही. मी दिवाळीची वाट पाहिली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. ती अंगणात बसून कापसातली कवडी, म्हणजे किडकी पिवळी बोंडं, वेगळी काढत होती. मी नाव सांगण्याआधीच ती उठली, पदर डोक्यावर घेतला. "सर ना तुमी?" तिनं बाज पुढे ओढली. मी बाजेवर न बसता खाली जमिनीवर बसलो, ती माझ्यासमोर. काय बोलायचं ते मी ठरवून आलो होतो. पिशवीतून पुस्तक काढलं आणि उघडून मध्ये ठेवलं, माझ्या बाजूनं सरळ.

तिनं हात पदराला पुसले. बराच वेळ पाहिलं. मग ओठ हलले. "म्हा... म्हाता... म्हातारी म्हैस दारी उभी राह्यली." इतक्या वर्षांनी, अडखळत, पण पूर्ण ओळ.

"येतं तुला," मी म्हणालो. "तेव्हाही येत होतं."

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

मी सांगितलं. गठ्ठा, कपाट, किल्ली, नोंदवही, साहेब. आईला शेतात खरं सांगितलं नाही, तेही. ती ऐकत होती, बोटं कवडी निवडत होती.

"पाची कपाटात होते?"

"पाचही."

"कवा आलते?"

"तू शाळेत यायच्या आधी."

बोटं थांबली. "फाटले असते त फाटले असते, सर," ती म्हणाली. एवढंच. आणि पुन्हा निवडायला लागली.

मी माफ कर म्हणालो की नाही, मला खरंच आठवत नाही. म्हणालो असेन.

तेवढ्यात घरातून तिची मुलगी आली, पाच-सहा वर्षांची, हातात चकलीचा तुकडा. पुस्तक दिसताच तिनं झडप घातली, आणि माझ्या तोंडून गेलं, "हात धू आधी."

पोरीच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. चौथीतल्या त्या दिवशी तसं पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. मी मान खाली घातली.

तिनं पुस्तक उचललं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं तेलकट बोटांनी पान उघडलं, बोटांचे ठसे म्हशीच्या पाठीवर उमटले. "याडी, काय लिव्हलं हाय?" तिनं आईला विचारलं.

ती पोरीच्या शेजारी सरकली, खांद्याला खांदा लावून. पानावर वाकली. ओठ हलेनात. मान हळूहळू खांद्याकडे झुकली, मग तिनं ती सरळ केली, पुन्हा झुकली.

"सांग ना," पोरगी म्हणाली.

ती उठली. कापसाचा ढीग ओलांडून पोरीच्या समोर जाऊन बसली, आणि तिथून वाचायला लागली.